गाळातलं बेणं

ऑगस्ट संपत आला की आमच्या शहरात माणसं भेटल्यावर 'कसं काय' असं विचारत नाहीत, 'किती टक्के झालं?' असं विचारतात. टक्के नाथसागराचे, पैठणच्या धरणाचे. क्रांती चौकातल्या चहाच्या टपरीवर, रिक्षात, आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, सगळीकडे तोच प्रश्न. वर्षभर नळाची वाट बघत जगणाऱ्या शहराला धरण भरल्याचा आनंद होणारच. मलाही होतो. पण मग एक दिवस बातमी येते की दरवाजे उघडणार, आणि स्टाफरूममधलं कुणीतरी म्हणतं, "चला, रविवारी पैठणला जाऊ. गेट बघू, भजी खाऊ." सगळे हसतात, गाड्यांची वाटणी होते. मी डब्याचं झाकण लावते. कुठल्याच गाडीत मी नसते.

पैठणच्या खाली, नदीच्या काठानं जात राहिलं की एक लांबट, वाकडं, उथळ तळं लागतं. गोदावरी कधीकाळी तिथून वाहत होती. मग तिनं वाट बदलली आणि वळणाचा एक तुकडा मागे सोडून दिला. आजूबाजूच्या गावात नदीला गंगाच म्हणतात, म्हणून हे तळं 'जुनी गंगा'. मी वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होते तेव्हा तीन वर्षं महिन्यातून दोनदा तिथं जायचे. सकाळची पहिली एसटी. बिडकीनला बस थांबली की नव्या वसाहतीचे रुंद, रिकामे रस्ते आणि दिव्यांचे खांब दिसायचे. पैठणला उतरून काळी-पिवळी जीप, आणि तिथून पुढं गावाच्या पांढरीतून चालत. हातात पिशवी, पिशवीत वही, दोरी, आणि बांबूची एक चौरस चौकट. ती चौकट पाण्यावर ठेवायची आणि तिच्या आत काय काय उगवलंय ते मोजायचं. एवढंच माझं काम. घरी आई विचारायची, "गवत मोजून डॉक्टर होतात का गं?"

त्या तीन वर्षांत, शेवटचे दिवस सोडले तर, जुन्या गंगेला पूर आला नव्हता. पाऊस पडायचा, तळ्यात पाणी यायचं, पण नदी काठ ओलांडून आत शिरली नव्हती. आणि मी जे मोजत होते ते म्हणजे एका तळ्याचं हळूहळू मिटत जाणं. वरच्या टोकाकडून पाणकणीस पुढं सरकत होतं, माणसापेक्षा उंच, उदबत्तीसारखी तपकिरी कणसं मिरवत. दरवर्षी त्याची पाती पाण्यात पडायची, कुजायची, तळाशी साचायची. तळ तेवढा वर यायचा आणि पुढच्या वर्षी पाणकणीस आणखी चार पावलं आत. खालच्या टोकाला जलपर्णी. ती तर वावरासारखी पसरलेली, जांभळ्या फुलांनी भरलेली. बघणाऱ्याला सुंदर वाटावी. पण तिच्या खाली उजेड नाही, हवा नाही, मासा नाही. या दोन्हींच्या मधोमध राहिलेल्या उघड्या पाण्यात कौसाबाईंचा शिंगाडा होता.

कौसाबाई भोयांच्या. पन्नाशीच्या पुढच्या, काटक, काळ्याशार, नऊवारीचा काचा घट्ट मारलेल्या. नवरा गेल्यापासून त्या आणि त्यांची सून मिळून शिंगाड्याची वेल लावायच्या. ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबवर फळी बांधायची, तीवर पालथं पडून हातानं पाणी मारत जायचं, वेल उलटी करून खालची फळं तोडायची. त्यांच्याकडं अशा दोन ट्यूब होत्या आणि जुनी मला वापरायला मिळाली होती. पहिल्या दिवशी त्यांनी मला "म्याडम" म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी चिखलात तोंडावर पडले तेव्हा "पोरी" म्हटलं, आणि मग पोरीच राहिले. मी त्यांना मावशी म्हणायचे.

"काय मोजती एवढं?" त्यांनी एकदा विचारलं.

"पाणकणीस किती वाढलं ते."

"ते मी हितनं सांगते की. लई वाढलं. पूर आल्याबिगर ह्येला कोन हटीवनार?"

"पूर आला तर तुमची वेलही जाईल ना, मावशी?"

"वेल जाईल. पर पानी ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. "पूर आला की म्या रडते. नाय आला तरी रडते. आता बोल."

मी वहीत ते लिहिलं नाही. तेव्हा मला वाटायचं की लिहिण्यासारखं फक्त चौकटीच्या आतलं असतं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मात्र वरून, नाशिककडून, पाणी येतच राहिलं. भाद्रपद उजाडला आणि शहरात टक्क्यांच्या गप्पांना ऊत आला. माझ्या बारा चौकटींचं शेवटचं मोजमाप बाकी होतं. ते झालं की तीन वर्षांची मालिका पूर्ण, मग फक्त लिहायचं. आदल्या दिवशी सरांनी, माझ्या मार्गदर्शकांनी, फोनवर सांगितलं की दरवाजे कधीही उघडतील, पाणी तळ्यापर्यंत पोचायला काही तास लागतात, पण जायचं असेल तर लवकर जा, आणि धोका वाटला तर काठावरूनच परत ये. मी पहिल्या बसनं निघाले.

गावात पोचले तेव्हा मारुतीच्या देवळावरचा भोंगा वाजत होता. पाणी सोडलंय, नदीकाठच्या लोकांनी जनावरं आणि पाण्याच्या मोटारी वर काढाव्यात, लेकराबाळांना पाण्याकडं जाऊ देऊ नये. पोलीस पाटलांचा आवाज. बायका शेळ्या हाकत होत्या, माणसं मोटारी उचलून बैलगाडीत टाकत होती. कुणी धावत नव्हतं, पण कुणी थांबतही नव्हतं. आभाळ स्वच्छ, ऊन पडलेलं. इतक्या उजळ सकाळी काही वाईट होईल असं वाटतच नाही.

कौसाबाई तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. शिंगाडा तयार व्हायला अजून महिना होता. त्या फळं काढत नव्हत्या, वेलच उपटून भारे बांधत होत्या. ते घरामागच्या शेततळ्यात नेऊन टाकायचे होते. पुढच्या वर्षीचं ते बेणं. बाकीचं गेलं तरी बेणं वाचलं पाहिजे. एवढी वर्षं हीच वेल, तिचीच पिलावळ, त्यांच्या सासूच्या हातची. सून भारे डोक्यावर घेऊन वर जात होती, त्या खाली बांधत होत्या.

मी ट्यूबवर वही ठेवली तशा त्या ओरडल्या, "आज आत जाऊ नको!"

"अर्ध्या तासात येते, मावशी. पाणी पोचायला अजून वेळ आहे. सरांनी सांगितलंय."

"सरानं गंगा बघितली का? पानी तोंडाकून येत नाय, शेपटाकून येतं. गुपचूप येतं."

मला हे ठाऊक होतं. माझ्याच नकाशात होतं. तळ्याचं वरचं तोंड गाळानं आणि बाभळींनी बुजलेलं, खालचं टोक ओढ्यातून नदीला जोडलेलं. नदी फुगली की ओढ्याचं पाणी उलटं फिरतं आणि खालून आत चढतं. परीक्षेत कुणी विचारलं असतं तर मी आकृती काढून दाखवली असती. पण त्या सकाळी मी बघत होते वरच्या बाजूला, जिकडून नदी येते तिकडं. ज्ञान आणि भीती शरीरात वेगवेगळ्या जागी राहतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

अकरा चौकटी झाल्या. बारावी जलपर्णीच्या कडेला होती, सगळ्यात लांब. मी वाकून देठ मोजत होते आणि मला वाटलं, ट्यूब सरकतेय. चौकटीच्या जागी रोवलेली बांबूची खूण मी धरली. ट्यूब जागेवरच होती. सरकत होती ती जलपर्णी. अख्खं जांभळं वावर, त्यावर एक पाय दुमडून उभा असलेला बगळा, सगळं मिळून माझ्या दिशेनं येत होतं. आवाज नाही. लाट नाही. बगळासुद्धा उडाला नाही.

मी फळीवर पालथी पडून हात मारायला लागले. पण पाणी आता तळ्याच्या पोटाशी वळत होतं, आणि जलपर्णीची एक लांब जीभ माझ्या आणि काठाच्या मध्ये शिरली. तिच्या मुळ्या हाताला गुंतायच्या. हात मारायला पाणीच सापडेना, नुसतं देठांचं गादीसारखं जाड, ओलं, हलणारं काहीतरी. पाय खाली सोडला. सकाळी तिथं छातीएवढं पाणी होतं. पाय टेकला नाही.

मी ओरडले.

कौसाबाई शंभरेक पावलांवर होत्या. त्यांची ट्यूब बाजूला, आणि तिला दोरीनं बांधलेला वेलांचा मोठा भारा, शेवटचा, सगळ्यात चांगला. त्यांनी मान वर केली. मला एवढं आठवतं की त्यांच्या हातात विळा होता, त्यांनी दोरी कापली, भारा पाण्यावर मोकळा झाला आणि त्या ट्यूबवर पडल्या. सरळ माझ्याकडं यायला त्यांच्याच वेलीतून यावं लागणार होतं. उरलेली वेल त्या विळ्यानं कापत, दोन्ही हातांनी फाडत आल्या. मागं हिरवी, चिंध्या झालेली वाट.

माझ्याजवळ पोचल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "काठ इसर. कनसात चल."

काठाकडं जाता येणं शक्य नव्हतं, ते त्यांनी येता येताच ओळखलं होतं. त्यांनी माझी ट्यूब आपल्या ट्यूबला अडकवली आणि पाण्याच्या ओढीबरोबरच, वरच्या बाजूला, पाणकणसाच्या रानात घुसल्या. तिथं त्यांनी मला खाली ढकललं. पायाखाली काहीतरी आलं. चिखल नव्हे, मुळांचं जाळं, एकात एक विणलेलं, दाबलं की दबणारं पण न तुटणारं. तीन वर्षं मी ज्याला तळ्याचा वैरी म्हणून मोजलं, त्याच्या मुळांवर मी उभी होते. पाणी छातीशी होतं.

"दोनी हातात जुडी धर. एक पात धरू नको, कापती."

आम्ही धरून उभ्या राहिलो. पाणी आधी गळ्याखालच्या हाडापर्यंत आलं, मग तिथंच घुटमळलं, मग पुन्हा बोटभर चढलं. जलपर्णी कणसांच्या भिंतीला येऊन धडकली आणि कणसं करकरली. सगळं रान एका बाजूला कललं, सावरलं. माझ्या खांद्याशी एक साप वर चढत होता. मी किंचाळले.

"विरोळा हाय," कौसाबाई शांतपणे म्हणाल्या. "इखाचा नाय. त्येला बी धराया काय तरी पायजेच की."

काठावर सून जिवाच्या आकांतानं ओरडत होती. भारे सोडून ती गावाकडं पळाली. तेवढ्यात मी कौसाबाईंकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. कापलेला तो भारा वळणाऱ्या पाण्यात हळूहळू फिरत, जलपर्णीच्या कडेनं, नदीच्या अंगाला चालला होता. त्याची पांढरी फुलं अजून उघडी होती. तो दिसेनासा होईपर्यंत त्यांनी मान फिरवली नाही.

पोलीस पाटील दोर आणि माणसं घेऊन आले, पण वळसा घालून वरच्या बाभळींतून आमच्यापर्यंत यायला त्यांना दुपार झाली. त्यांनी आम्हाला काठावर ओढलं. कौसाबाईंनी पदर पिळला, तोंडावरून हात फिरवला आणि घराकडं चालू लागल्या. मी "मावशी" म्हणून हाक मारली. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

पाणी आठ दिवस राहिलं. ओसरल्यावर मी सरांबरोबर गेले. जलपर्णी नव्हती, नदीनं जाताना तिला सोबत नेलं होतं. पाणकणीस पाण्याखाली गुदमरून आडवं पडलं होतं. त्याचा श्वास पात्यांतून मुळांकडं जातो, आणि आठ दिवस पातीच बुडालेली. कडेच्या काही जुड्या सोडल्या तर सगळं काळं, घाण वास मारणारं. माझ्या चौकटी, खुणा, काही शिल्लक नव्हतं. मध्ये फक्त गढूळ, चहासारखं पाणी, आणि भोवती राखाडी गाळ, त्यावर चिमणीचंही पाऊल नाही. सर म्हणाले, "त्याच जागी परत चौकटी टाक. शून्य लिही. पण लिही."

मी शून्य लिहायला जात राहिले. कौसाबाई भेटत नव्हत्या. सून सांगायची, कापूस वेचायला गेल्यात. एकदा त्या समोरून येताना दिसल्या आणि मला बघून बांधाला वळल्या. मला कारण माहीत होतं. माझ्या अर्ध्या तासापायी त्यांच्या सासूपासूनचं बेणं गेलं होतं. सुनेनं वर नेलेले भारेही राहिले नव्हते. शेततळ्याचा बांध फुटून तेही वाहून गेले. मी बसमध्ये मनाशी वाक्यं जुळवायचे. कशीही फिरवली तरी ती खोटी वाटायची.

विद्यार्थी आजही विचारतात, "मॅडम, पूर चांगला की वाईट?" त्यांना एका ओळीचं उत्तर हवं असतं. मी फळ्यावर तळं काढते. सांगते की पुरानं तळं नदीला पुन्हा जोडलं जातं. दाटलेलं उपटलं जातं, बुजलेलं उघडतं. गाळ येतो, त्यानं पाणी गढूळ होतं, तळापर्यंत उजेड जात नाही, म्हणून काही महिने काहीच उगवत नाही. मग गाळ खाली बसतो. पाणी निवळतं. तळाच्या चिखलात वर्षानुवर्षं गाडलेल्या बिया असतात, त्यांना पहिल्यांदा ऊन दिसतं. मुलं लिहून घेतात. मी डस्टर उचलते आणि हात कोरडा असून साडीला पुसते.

त्या हिवाळ्यात मी दोरीला पांढरी तबकडी बांधून पाण्यात सोडायचे, ती दिसेनाशी होईपर्यंत. आधी ती वीतभर खोलीतच नाहीशी व्हायची. पौषात एका सकाळी ती तळाला टेकली तरी दिसत राहिली. मी दोरी धरून बसले. पाणी इतकं स्वच्छ मी तिथं कधी पाहिलं नव्हतं.

संक्रांतीनंतर सुनेच्या फोनवरून कौसाबाईंचा आवाज आला. "पोरी, ये. बघाया ये." एवढंच म्हणून फोन बंद.

त्या तळ्याच्या खालच्या टोकाला बसल्या होत्या, जिथं जलपर्णी होती तिथं. मी शेजारी बसले. त्यांनी पाण्यात बोट दाखवलं. तळाशी, गाळातून, बारीक तांबूस देठ वर निघाले होते, आणि टोकाला नखाएवढी दातेरी पानं. त्यांनी हात घालून एक उचललं. खाली काळा, दोन शिंगांचा जुना शिंगाडा, कोण जाणे किती वर्षांपूर्वी गळून पडलेला. पूर आला तरी शिंगं गाळात रुतून राहिली होती.

"हितं म्या कवाच लावला नव्हता," त्या म्हणाल्या. "माज्या सासूच्या टायमाचा असंल. समद्या तळ्यात हाय. बघ तरी."

तळभर होता. मग बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं विसरून मी एवढंच म्हणाले, "मावशी, तुमचं बेणं माझ्यामुळं गेलं. मी ऐकलं नाही. म्हणूनच तुम्ही बोलत नव्हता ना?"

त्यांनी तो शिंगाडा परत गाळात खोचला, बोटानं दाबला.

"त्याच्यासाठी नाय," त्या म्हणाल्या. "तू वरडली, ते म्या ऐकलं. आन् भाऱ्याची गाठ आवळली."

मला कळलं नाही.

"भारा सुटाया लागला हुता. आदी गाठ आवळली. घट. तू परत वरडली. म्या दुसरी गाठ मारली. मंग तिसऱ्यांदा वरडलीस, तवा इळा घेतला."

माझ्या आठवणीत मी एकदाच ओरडले होते, आणि त्या लगेच आल्या होत्या. चार महिने मी लोकांना तसंच सांगत होते.

"लई येळ नाय," त्या म्हणाल्या. "पर दोन गाठी मारल्या म्या. त्यापायी तुजं तोंड बघवंना."

मी त्यांचा हात धरला. तो गार होता, बोटांच्या पेरांत गाळ भरलेला. त्यांनी काढून घेतला नाही. पलीकडच्या वावरात ज्वारी निसवत होती. मग त्यांनीच माझ्या पिशवीतून बांबूची चौकट ओढून काढली आणि पाण्यावर ठेवली.

"मोज किती हायेत."

मी मोजायला लागले. डोळे भरून आले आणि मध्येच आकडा चुकला.

"परत मोज," त्या म्हणाल्या, आणि पाण्यात हात घालून एकेक देठ माझ्यासाठी बाजूला धरू लागल्या.